बोर्ड तेच, डॉक्टर तेच, मग बिल का वाढलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहता, घरी नऊ वर्षांची कॉकर स्पॅनियल कुत्री आहे आणि खाजेसाठी तिला रोजच्या गोळ्या चालू आहेत. ती पिल्लू असल्यापासून ज्या व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे नेता, तिथलं बिल दोन वर्षांत जवळपास दीडपट झालंय. बोर्ड तेच, रिसेप्शनवरच्या बाई त्याच, डॉक्टरही तेच. परवा शेजारणीकडून कळलं की ते क्लिनिक एका कंपनीने केव्हाच विकत घेतलंय. म्हणून तुम्ही विचारताय, ‘हे आम्हाला लुटतायत का? आणि दुसरीकडे जावं का?’

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजची. इंग्लंडला येऊन इथल्या व्हेटची नोंदणी ठेवणाऱ्या रॉयल कॉलेजची, म्हणजे आरसीव्हीएसची परीक्षा दिली आणि एका स्वतंत्र क्लिनिकमध्ये लागले. सात वर्षांनी ते क्लिनिक विकलं गेलं, माझ्यासकट. पुढची चार वर्षं मी कंपनीची नोकर होते. आता पुन्हा एका छोट्या स्वतंत्र क्लिनिकमध्ये आहे. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे कुणा एकाची तळी उचलायची मला गरज नाही. पण कंपनी सोडून आलेली आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

‘लुटतायत का’ हा प्रश्न हेतूबद्दलचा झाला, आणि हेतूबद्दल विचाराल तर उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येईल. तुमच्या डॉक्टरांची नियत कागदावर सह्या झाल्या त्या दिवशी बदलली नाही. बदलतं ते दुसरंच. कुत्री तपासणीच्या टेबलावर असताना तुमच्यासमोर उपचाराचे कोणते पर्याय मांडले जातात, कोणता आधी आणि कोणता मांडलाच जात नाही, ते बदलतं. तुम्ही बिलाची बेरीज तपासत बसता, आणि खरा फरक बिल बनायच्या आधीच पडून गेलेला असतो.

तिथे येण्याआधी हे झालं कसं ते थोडं सांगते, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

१९९९ पर्यंत इथे क्लिनिकचा मालक व्हेटच असायचा. तो नियम सैल झाला आणि व्हेट नसलेल्यांनाही क्लिनिक विकत घेता येऊ लागलं. पहिली काही वर्षं फारसं काही झालं नाही. २०१३ मध्ये मोठ्या समूहांकडे साधारण १० टक्के क्लिनिक होती, आज ६० टक्क्यांच्या आसपास आहेत. सहा मोठी नावं आहेत: आयव्हीसी, सीव्हीएस, लिनियस, मेडिव्हेट, पेट्स ॲट होम आणि व्हेटपार्टनर्स. यातलं लिनियस मार्सचं आहे. हो, पेडिग्री, व्हिस्कस आणि रॉयल कॅनिन बनवणारी तीच मार्स. आयव्हीसीमध्ये २०२१ साली नेस्लेनेही पैसे घातले, आणि प्युरिना नेस्लेचं. म्हणजे वाडग्यातलं खाणं आणि ते खाऊन बिघडलेलं पोट, दोन्ही एकाच घरी! हा विनोद आमच्यात फार जुना झालाय, पण तुम्हाला नवा असेल म्हणून सांगितला.

आता माझे जुने बॉस. त्रेसष्ट वर्षांचे झाले होते, गुडघे गेलेले. तीस वर्षं रात्री-अपरात्री उठून कुत्र्यांची बाळंतपणं केली होती. क्लिनिक आम्हा दोन असिस्टंटना द्यायची त्यांची मनापासून इच्छा होती. आम्ही बँकेत गेलो. बँक जेवढं कर्ज द्यायला तयार होती, त्याच्या दुप्पट आकडा कंपनीने एका ईमेलमध्ये टाकला. तेव्हा व्याजदर तळाला होते आणि वर्षाच्या नफ्याच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त पैसे मोजून क्लिनिक घेतली जात होती. बॉसनी विकलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही विकलं असतं.

पण दहापट देऊन घेतलेली वस्तू आहे तशी चालवून परवडत नाही, ती वाढवावीच लागते. आणि क्लिनिकची वाढ होते तरी कुठून? गावात कुत्री-मांजरं काही एकदम दुप्पट होत नाहीत. मग एका भेटीमागे बिल वाढवायचं, तपासण्या आपल्याच लॅबमध्ये पाठवायच्या, अवघड केस आपल्याच रेफरल हॉस्पिटलला, रात्रीची आपल्याच इमर्जन्सी सेंटरला, आणि शेवटचा निरोप आपल्याच क्रिमेटोरियममध्ये. या सगळ्या धंद्यांत मोठे समूह आहेत. यात बेकायदा काही नाही. प्रत्येक दुवा वेगळा पाहिला तर सोयीचाही वाटतो.

आणि बोर्ड का बदलत नाही? कारण विकत घेतलं ते गिऱ्हाईक आणि त्याचा विश्वास. बोर्ड बदललं तर तोच जायचा. इथल्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे सीएमएने, २०२४ मध्ये सांगितलं की सहापैकी चार समूह क्लिनिक घेतल्यावर जुनंच नाव चालू ठेवतात. विकणारा डॉक्टरही करारानुसार बहुधा दोन-तीन वर्षं तिथेच काम करतो. त्यामुळे तुम्हाला दोन वर्षं काही कळलं नाही यात तुमचा बावळटपणा नाही.

आता माझीच गोष्ट सांगते. विक्रीनंतर साधारण सहा महिन्यांनी आमच्या स्टाफरूममध्ये दर महिन्याला एक तक्ता येऊ लागला. प्रत्येक डॉक्टरचं नाव आणि त्यापुढे सरासरी बिल. कुणी दटावलं नाही, ‘एवढं कमवा’ असंही कुणी म्हणालं नाही. नुसता तक्ता. मी खालून दुसरी होते. आता मी लहानपणापासून पहिल्या पाचात येणारी मुलगी! खालून दुसरी हे मला झेपेना. त्या तक्त्यात एकाही जनावराचं नाव नव्हतं हे माझ्या लक्षात यायला मात्र वर्ष लागलं.

एके दिवशी एक निवृत्त बसड्रायव्हर त्यांचा टेरियर घेऊन आले. सकाळपासून तीन उलट्या, पण कुत्रा शेपटी हलवतोय, पोट मऊ, ताप नाही. सात वर्षं मी अशा कुत्र्याला उलटीचं एक इंजेक्शन देऊन, ‘आज हलकं खायला द्या, उद्यापर्यंत बरं वाटलं नाही तर या’ असं सांगून घरी पाठवत आले होते. त्या दिवशी मी रक्त काढलं, एक्स-रे काढले, दुपारभर सलाइनवर ठेवलं. सगळं नॉर्मल. बिल ४८० पौंड. आजोबांनी काउंटरवर दोन कार्डांवर विभागून पैसे भरले. आमची जुनी नर्स मला एवढंच म्हणाली, ‘मागच्या वर्षी तू याला घरी पाठवलं असतंस.’

खोटं मी काही बोलले नव्हते. एक्स-रे काढणं चूक म्हणता येणार नाही, परीक्षेत तर त्याला जास्तच मार्क मिळाले असते. पण ‘थांबून पाहू या’ हा पर्याय मी त्यांच्यासमोर ठेवलाच नाही. तुमच्या बाबतीत जर काही होत असेल, तर ते हेच असण्याची शक्यता जास्त आहे.

दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. त्याच कंपनीने आम्हाला डिजिटल एक्स-रे दिला. आधीच्या मशीनवर फुफ्फुसातली गाठ ढगासारखी दिसायची. नव्या मुलामुलींना शिकवायला वेळ ठेवला. मला बाळंतपणाची नीट रजा मिळाली. जुन्या बॉसकडे ती कायद्यापुरतीच असायची, आणि तेही ‘आता कसं करायचं’ असा चेहरा करून. बिलं फक्त कंपन्यांनीच वाढवली असंही नाही. व्हेट मिळत नाहीत, पगार वाढले, लॉकडाउनमध्ये घरोघरी पिल्लं आली, आणि लोकांना आता कुत्र्याचाही एमआरआय हवा असतो. आम्ही स्वतंत्रवाल्यांनीही दर वाढवलेत. उलट वाढलेले पैसे सगळे कर्मचाऱ्यांच्या खिशात गेले असंही समजू नका. २०२४ मध्ये साऊथ वेल्समध्ये एका समूहाच्या क्लिनिकमधल्या व्हेट आणि नर्सनी पगारासाठी चक्क संप केला. आमच्या धंद्यात संप, ही गोष्ट माझ्या बॉसना सांगितली तर त्यांचा विश्वास बसला नसता.

आकडे हवे असतील तर सीएमएचेच घ्या. २०२३ मध्ये त्यांनी लोकांना अनुभव विचारले तेव्हा ५६ हजारांच्या आसपास उत्तरं आली. २०१६ ते २०२३ या काळात व्हेटचे सरासरी दर ६३ टक्के वाढले, महागाईपेक्षा बरेच जास्त. ऑक्टोबर २०२५ च्या तात्पुरत्या निर्णयात त्यांनी म्हटलं की मोठ्या समूहांचे दर स्वतंत्र क्लिनिकपेक्षा सरासरी १६.६ टक्के जास्त आहेत. पण तुमचं बिल तर दीडपट झालंय! म्हणजे निव्वळ मालकी बदलल्याने एवढा फरक पडायचा नाही. कुत्री नऊ वर्षांची झाली, गोळ्या रोजच्या झाल्या, तपासण्या वाढल्या, हेही त्यात असणार. म्हणून शेवटची चार बिलं समोर घ्या आणि ओळ न् ओळ वाचा: डॉक्टरांची फी किती, औषधं किती, तपासण्या किती. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त रक्कम औषधांच्या ओळीत निघेल.

तसं निघालं तर तुमचा अर्धा प्रश्न क्लिनिक न बदलताच सुटतो. व्हेटकडे लेखी प्रिस्क्रिप्शन मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तुमचं जनावर त्यांच्या देखरेखीखाली असेल तर ते त्यांना द्यावं लागतं. त्याची फी घेतात. २५-३० पौंड घेणारी क्लिनिक मी पाहिली आहेत. ऑक्टोबर २०२५ च्या त्याच तात्पुरत्या निर्णयात सीएमएने त्या फीला १६ पौंडांची मर्यादा घालायचं सुचवलं होतं. प्रिस्क्रिप्शन सहा महिन्यांपर्यंत चालतं. तेव्हा दर महिन्याला एक मागण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून एकदाच जास्त महिन्यांचं लिहून घ्या, म्हणजे ती फी अंगावर येत नाही. रोजच्या गोळ्या ऑनलाइन फार्मसीत बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास मिळतात. फक्त ती फार्मसी सरकारच्या औषध नियामकाच्या यादीत आहे ना, ते पाहा. गंमत म्हणजे ॲनिमेड डायरेक्ट ही स्वस्त फार्मसी सीव्हीएसचीच आहे आणि पेट ड्रग्ज ऑनलाइन आयव्हीसीची. म्हणजे तुम्ही कंपनीवर रुसून ऑनलाइन गेलात तरी गल्ला कदाचित त्याच मालकाचा. असेना का, तुमचे पैसे वाचले.

औषधं क्लिनिकमध्ये महाग का, याचं कारण मात्र कंपन्यांच्या आधीचं आहे. फी कमी ठेवायची आणि औषधांवर कमवायचं ही इथली जुनी पद्धत. माझे बॉसही तेच करायचे. सगळ्यांनी औषधं बाहेरून घेतली तर तपासणीची फी वाढेल, हे मी आजच सांगून ठेवते.

महिन्याचा हेल्थ प्लॅन घेतला असेल तर तोही एकदा उघडून पाहा. लस, वर्षाची तपासणी, पिसवांचं औषध हे सगळं तुम्ही एरवी घेतच असाल तर त्यात पैसे वाचतात. पण तो इन्शुरन्स नाही; पाय मोडला तर त्यातून दमडी मिळत नाही. आपल्या ओळखीतल्या निदान तीन घरांनी हे दोन्ही एकच समजून इन्शुरन्स बंद केलेला मी पाहिलाय. शिवाय प्लॅनमधून दर महिन्याला मानेवर टाकायच्या औषधाची ट्यूब येते, घरात एकही पिसू नसली तरी. त्यातली फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं आता इंग्लंडच्या नद्यांत सापडतायत. तुमची स्पॅनियल पाण्यात उड्या मारणाऱ्यातली असेल तर डॉक्टरांना विचारा, वर्षभर खरंच लागतं का.

आता जावं की राहावं. हे माझ्यापेक्षा तुमच्या परिस्थितीवर जास्त अवलंबून आहे.

पहिलं म्हणजे दुसरं क्लिनिक खरंच दुसरं आहे का ते बघा. मी आधी काम करत होते त्या गावातली तिन्ही क्लिनिक तीन वेगवेगळ्या नावांनी एकाच समूहाची होती. लोक एकावर चिडून दुसऱ्याकडे जायचे. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं. ते कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर टाका, फुकट आहे, खरा ताबा कुणाचा ते तिथे दिसतं. मालकीचा प्रकारही एक नसतो. पेट्स ॲट होमच्या बऱ्याच क्लिनिकमध्ये तिथला व्हेट स्वतः भागीदार असतो. तिथला अनुभव पूर्ण कंपनीच्या क्लिनिकपेक्षा वेगळा असू शकतो, चांगला किंवा वाईट, ते त्या भागीदारावर.

दुसरं, रात्रीची सोय. आरसीव्हीएसच्या नियमानुसार चोवीस तास तातडीच्या प्रथमोपचाराची आणि वेदनाशमनाची व्यवस्था प्रत्येक व्हेटला लावावी लागते, पण ती स्वतःच्याच क्लिनिकमध्ये असली पाहिजे असं नाही. छोटं स्वतंत्र क्लिनिक रात्री तुम्हाला चाळीस मिनिटांवरच्या सेंटरला पाठवत असेल आणि तिथे पाय ठेवायलाच दोनशे-अडीचशे पौंड पडत असतील, तर दिवसाची बचत एका रात्रीत जाते. नाव नोंदवताना हे आधी विचारा.

तिसरं, इन्शुरन्स. क्लिनिक बदलल्याने पॉलिसी बिघडत नाही. पॉलिसी बदलली तर मात्र जुनी खाज ‘आधीपासूनचा आजार’ ठरते. म्हणून हवं तर व्हेट बदला, पण नऊ वर्षांच्या कुत्रीची चालू लाइफटाइम पॉलिसीला हात लावू नका. पूर्ण हिस्टरी मागितली की द्यावी लागते. नवा व्हेट बहुतेक वेळा स्वतःच मागवतो.

आणि चौथं, ज्याला पैशांत मोजता येत नाही: तुमची कुत्री नऊ वर्षं एका माणसाच्या हाताखाली आहे. कोणता कान आधी बिघडतो, कोणत्या स्टेरॉइडने तिला जास्त लघवी होते, हे त्यांच्या डोक्यात आहे, फाइलमध्ये त्यातलं निम्मं असतं. ते डॉक्टर अजून तिथे असतील तर मी लगेच सोडणार नाही. ते गेले आणि दर खेपेला नवा लोकम, म्हणजे तात्पुरता बदली डॉक्टर दिसू लागला, तर मग तुम्हाला तिथे धरून ठेवणारं काही उरलं नाही.

राहायचं ठरवलंत तर बोलायची पद्धत बदला. ‘एवढं महाग का?’ असं विचारलं की समोरचा डॉक्टर एकदम बचावाच्या पवित्र्यात जातो. दर त्याने ठरवलेले नसतात, त्याला ते आवडतातच असंही नाही. त्यापेक्षा असं विचारा: ‘ही तपासणी केली आणि अमुक निघालं, तर तुमचा उपचार बदलेल का?’ बदलणार नसेल तर ती तपासणी आज करायची गरज बहुधा नसते. मग विचारा, ‘दोन दिवस थांबलो तर धोका काय?’ आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘माझ्याकडे आज दीडशेच पौंड असते तर तुम्ही काय केलं असतं?’ हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्या लोकांना लाज वाटते. आपण गरीब दिसू, नाहीतर कुत्र्यावर प्रेम नाही असं वाटेल. अहो, त्या एका प्रश्नाने डॉक्टरची सुटका होते! स्वस्त पर्याय आपणहून सुचवला आणि काही चुकलं तर तक्रार होईल ही भीती आमच्या मानेवर कायम असते. तुम्ही तोंडाने विचारलंत की तो मोकळेपणाने सांगतो आणि तसं फाइलमध्ये लिहूनही ठेवतो. त्या बसड्रायव्हर आजोबांनी हे विचारलं असतं, तर मी त्यांना पंचावन्न पौंडांत घरी पाठवलं असतं.

यातलं काहीही खऱ्या इमर्जन्सीत करू नका. पोट टम्म फुगून कोरड्या उलट्या, श्वास लागणं, थांबत नाही असा झटका, बोक्याला लघवी न होणं. अशा वेळी जे जवळ असेल तिथे जा, मालक कुणीही असो.

तक्रार करायची वेळ आलीच तर एक अडचण माहीत असू द्या. इथला कायदा १९६६ चा आहे आणि तो व्हेटवर व्यक्ती म्हणून चालतो. चूक झाली तर आरसीव्हीएस माझं नाव यादीतून काढू शकतं, पण स्टाफरूममध्ये तो तक्ता लावणाऱ्या कंपनीला त्यांच्याकडे उत्तर द्यावं लागत नाही. ही फट सीएमएनेही दाखवून दिली आहे. त्यामुळे दरांबद्दलची तक्रार क्लिनिकच्या मॅनेजरकडे करा, लेखी. डॉक्टरच्या विरोधात आरसीव्हीएसकडे गेलात तर ज्याने दर ठरवलेच नाहीत त्याच्या डोक्याला ताप.

शेवटी तुम्ही भीतभीतच विचारलंय, ‘इतक्या वर्षांची ओळख आहे, प्रिस्क्रिप्शन मागितलं तर डॉक्टर दुखावतील का?’ माझ्याकडे आठवड्याला चार-पाच जण मागतात. रिसेप्शनला आदल्या दिवशी फोन करून सांगितलंत तर तयार ठेवतील. सही करायला एक मिनिट लागतं, आणि सही करताना आम्ही दुपारच्या डब्याचा विचार करत असतो.